बटेव्हियापासून कोनी आयलंडपर्यंत : एका लीगच्या मागावर

न्यूयॉर्क-पेन लीग १९३९ साली सुरू झाली आणि २०२० मध्ये संपली. अमेरिकेत टीव्हीवर दिसतं ते मेजर लीग बेसबॉल. त्याच्याखाली पायऱ्यापायऱ्यांनी मायनर लीग असतात, आणि ही त्यातली अगदी खालच्या पायऱ्यांवरची. जूनमधल्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे मोठे संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यात, निवडलेली पोरं सामान घेऊन थेट इथं यायची आणि सप्टेंबर उजाडेपर्यंत जवळजवळ रोज खेळायची. बहुतेकांचं बेसबॉल इथंच नाहीतर एखाद-दोन पायऱ्या वर जाऊन संपायचं.

न्यू जर्सीतल्या आमच्या ब्रिजवॉटरला सॉमरसेट पेट्रियट्सचे सामने बघता बघता मला या खालच्या पायऱ्यांची गोडी लागली. २०२१ मध्ये पेट्रियट्स न्यूयॉर्क यांकीज या मेजर लीग संघाचा डबल-ए, म्हणजे दोन पायऱ्या खालचा, संघ झाला आणि त्याच फेरबदलात शेजारच्या ट्रेंटनचं ते स्थान गेलं. एका गावाला मिळालं ते दुसऱ्याच्या हातून काढून घेतलेलं होतं. तेव्हापासून न्यूयॉर्क-पेन लीगचा कुठला संघ कुठून कुठं गेला, याची मी एक वही ठेवते. या उन्हाळ्यात बाबा कोल्हापूरहून आले होते आणि लेकीला सुट्टी होती. नवऱ्यानं रजा टाकली आणि आम्ही वही घेऊन गाडीत बसलो.

रविवार : ओनिऑन्टा

ऐंशी, एक्क्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी असे हमरस्ते बदलत दुपारी ओनिऑन्टाला पोचलो. चहूकडे हिरव्या टेकड्या आणि मधल्या खोऱ्यात हे रेल्वेचं जुनं गाव. नीआवा पार्कमध्ये लाल रंगाचा गार्डाचा डबा जपून ठेवलाय. १८८३ मध्ये रेल्वे कामगारांची एक मोठी संघटना त्याच डब्यात जन्माला आली. तिथून चार पावलांवर डमॅश्की फील्ड.

छपराखालच्या बाकांवर बसलं की बाहेरच्या भिंतीमागे लगेच डोंगर चढायला लागतो. १९६७ ते १९९८ इतकी वर्षं न्यूयॉर्क यांकीजची नवी पोरं या गावात येत होती. पुढे यांकीजचा मोठा खेळाडू झालेला डॉन मॅटिंग्ली १९७९ मध्ये इथं खेळला. जॉन एलवे १९८२ च्या उन्हाळ्यात ४२ सामने खेळला, .३१८ च्या सरासरीनं बॅटिंग केली (म्हणजे दहांपैकी तीनेकदा हिट, चेंडू मारून सुखरूप बेस गाठणं) आणि मग अमेरिकन फुटबॉलकडे गेला तो कायमचाच. गावाचे माजी महापौर सॅम नेडर यांनी हा संघ आणला आणि अनेक दशकं सांभाळला. २०२१ मध्ये वयाच्या १०१व्या वर्षी ते गेले.

१९९९ मध्ये यांकीजनी आपला करार, म्हणजे नवी पोरं पाठवायची बोली, उचलून स्टेटन आयलंडला नेला. तिथला संघ तरी कुठला? कॅनडाच्या सीमेजवळच्या वॉटरटाउनमधून आणलेला. ओनिऑन्टानं मग डेट्रॉइट टायगर्सशी जमवून घेतलं आणि अजून अकरा उन्हाळे काढले. २०१० मध्ये तो संघही कनेटिकटमधल्या नॉर्विचला गेला.

"अगं, पण मग संघ कुणाचा?" बाबांनी विचारलं.

खरा प्रश्न हाच आहे. खेळाडू, प्रशिक्षक आणि त्यांचे पगार मोठ्या संघाकडे. तिकिटं, हॉट डॉग, जाहिरातींच्या पाट्या आणि त्यातला नफा-तोटा स्थानिक मालकाकडे. मैदान बहुतेक ठिकाणी नगरपालिकेचं. आणि लीगमध्ये खेळायचा हक्क, म्हणजे फ्रँचायझी, ही विकता येते, उचलून दुसऱ्या गावी नेता येते. टाळ्या वाजवणाऱ्यांच्या हाती यातलं काहीच नाही.

बाबा शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून म्हातारे झालेले. ते म्हणाले, "पाटाकडील तालमीची टीम कुणी पुण्याला नेली असं ऐकलंस कधी? पेठ आहे तोवर टीम आहे." कोल्हापूरचा फुटबॉल पेठेचा असतो, हे आम्हा दोघांच्या इतकं अंगवळणी पडलेलं की एखादा संघ घरसामानासारखा ट्रकमधून जातो हे त्यांना पटेना. मलाही इतकी वर्षं इथं राहून ते पूर्ण पटलेलं नाही.

आता डमॅश्की फील्डवर ओनिऑन्टा आउटलॉज खेळतात. ही उन्हाळी लीग कॉलेजच्या खेळाडूंची. बॅट लाकडी, पगार नाही, राहायची सोय बहुधा गावातल्याच कुणाच्या तरी घरी.

सोमवार : कूपरस्टाउन, लिटल फॉल्स

कूपरस्टाउनचं हॉल ऑफ फेम बघितलं. त्यावर मराठीतही पुष्कळ लिहून झालंय, त्यामुळे इथं फक्त एकच नोंद. ते १९३९ च्या जूनमध्ये उघडलं, म्हणजे आमच्या लीगचा आणि त्याचा जन्म एकाच वर्षाचा. अॅब्नर डबलडे नावाच्या माणसानं १८३९ मध्ये याच गावात बेसबॉल शोधून काढला, या कथेच्या शंभरीनिमित्त ते उभं राहिलं. कथा खरी नाही. डबलडे त्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत होता.

दुपारी मोहॉक नदीकाठच्या लिटल फॉल्सला. पाच हजारांच्या आतली वस्ती, जुन्या गिरण्यांच्या दगडी इमारती, कालव्याचं लॉक. अशा गावात १९७७ ते १९८८ न्यूयॉर्क मेट्सचा संघ होता! माझ्या वहीतली सगळ्यात लांब साखळी इथूनच सुरू होते. १९८९ मध्ये हा संघ मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफिल्डला गेला. तिथलं वाकोना पार्क हे मैदान पश्चिमेकडे तोंड करून बांधलेलं, मावळतीचा सूर्य बॅटरच्या थेट डोळ्यांत यायचा आणि सामना थांबवावा लागायचा. २००२ मध्ये संघ तिथूनही निघाला आणि ऑल्बनीजवळच्या ट्रॉयमध्ये ट्राय-सिटी व्हॅलीकॅट्स झाला. त्याच वर्षी शेजारच्या युटिकाचा संघ मेरीलँडमधल्या अॅबर्डीनला गेला.

लिटल फॉल्सच्या मैदानावर त्या दिवशी सामना नव्हता. एक माणूस पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, उंचवट्यावर माती टाकून धुम्मस करत होता. लेकीनं जाऊन विचारलं तेव्हा त्यानं तिला हातानं दाबून दाखवलं. आतली माती चिकणी, घट्ट, जवळजवळ विटेसारखी, आणि तिच्यावर भुरभुरीत मातीचा पातळ थर. पिचरचा पाय जिथं पडतो तिथं रोज खड्डा पडतो आणि रोज भरावा लागतो. मेट्स जाऊन पस्तीसेक वर्षं झाली, पण तो खड्डा कुणी ना कुणी भरतंय. आता इथं डायमंडडॉग्ज नावाचा कॉलेज खेळाडूंचा संघ खेळतो.

मंगळवार : ऑबर्न, जिनिव्हा

ऑबर्नमध्ये सकाळी हॅरिएट टबमन यांचं घर बघितलं. गुलामगिरीतून स्वतः पळून येऊन कितीतरी जणांना सोडवणारी ही बाई. तिथं बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग फाल्कन पार्क. इथल्या संघाचं नाव ऑबर्न डबलडेज, कारण तो डबलडे लहानपणी याच गावात वाढला. हे नाव १९९६ पासूनचं. त्याआधी संघाची नावं मोठ्या संघांप्रमाणे बदलायची. फिलीजशी करार तर ऑबर्न फिलीज, अॅस्ट्रोजशी करार तर ऑबर्न अॅस्ट्रोज. नव्वदच्या दशकात बऱ्याच ठिकाणी ही पद्धत मोडली आणि गावांनी आपापली नावं लावायला सुरुवात केली. मला हा फार चांगला बदल वाटतो. टोप्या-टीशर्ट विकायला सोयीचा होता म्हणून तो झाला हे खरं, पण त्यामुळे करार गेला तरी नाव गावाकडे राहायला लागलं. अॅस्ट्रोजनंतर ब्लू जेज आले, मग नॅशनल्स, पण डबलडेज डबलडेजच राहिले. आज कॉलेज लीगमध्येही तेच नाव आहे.

इथून चाळीसेक किलोमीटरवर सेनेका तलावाच्या टोकाला जिनिव्हा. मॅकडॉनो पार्कमध्ये १९६० साली सिनसिनाटीनं पाठवलेला एकोणीस वर्षांचा पीट रोझ आला आणि दुसऱ्या बेसवर क्षेत्ररक्षण करताना त्यानं ३६ चुका केल्या. पुढे तोच ४,२५६ हिट्सपर्यंत गेला. मेजर लीगमध्ये त्याच्या पुढे आजवर कुणी नाही. त्याच उन्हाळ्यात क्यूबाहून नुकताच आलेला आणि पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेलेला टोनी पेरेझही याच संघात होता.

जिनिव्हाचा संघ १९९४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टला गेला. त्याचं कारण समजलं की या लीगचा पुढचा सगळा प्रवास समजतो. १९९० च्या अखेरीला मेजर आणि मायनर लीगमध्ये नवा करार झाला आणि त्यात मैदानांसाठी अटी आल्या. दिवे इतक्या प्रकाशाचे, ड्रेसिंग रूम इतकी मोठी, स्वच्छतागृहं इतकी, बसायची सोय अशी. अटी पुऱ्या करायला पैसा लागणार, आणि मैदान नगरपालिकेचं असल्यानं तो बहुतेक करदात्यांचा. ऑबर्ननं १९९५ मध्ये फाल्कन पार्क नव्यानं बांधलं, बटेव्हियानं १९९६ मध्ये आपलं मैदान बांधलं. ज्या गावांना झेपलं नाही त्यांचे संघ सात-आठ वर्षांत नाहीसे झाले. जिनिव्हा, एल्मायरा, वॉटरटाउन आणि सीमेपलीकडचं कॅनडातलं हॅमिल्टन, वेलँड. त्याच काळात मोठी शहरं आणि उपनगरं नवी मैदानं बांधून हात पसरून उभी होतीच.

मॅकडॉनो पार्कच्या फाटकाशी उभं राहून लेकीनं विचारलं, "आजोबा, तुम्ही इथले महापौर असता तर पैसे दिले असते का?" बाबा म्हणाले, "शाळेचं छप्पर गळत नसेल तर दिले असते."

बुधवार : बटेव्हिया

ज्या गावासाठी निघालो होतो ते हे. बफेलो आणि रॉचेस्टरच्या मध्ये, पंधरा हजारांच्या आसपास वस्ती. लीगची पायाभरणी इथं झाली. तेव्हाचं नाव पोनी लीग, म्हणजे पेनसिल्व्हेनिया, ऑन्टारिओ आणि न्यूयॉर्क. पहिल्या वर्षी बटेव्हियासोबत ओलियन, ब्रॅडफर्ड, हॅमिल्टन अशी गावं होती. १९५६ नंतर हॅमिल्टन बाहेर पडलं, ऑन्टारिओ उरलं नाही, आणि १९५७ पासून लीग न्यूयॉर्क-पेन झाली. मूळ गावांपैकी शेवटपर्यंत टिकलं ते फक्त बटेव्हिया. मधले थोडे खंड सोडले तर १९३९ पासून २०१९ पर्यंत.

सुरुवातीला संघाचं नाव होतं क्लिपर्स. गावात मॅसी-हॅरिसच्या कारखान्यात त्याच नावाचं कापणी-मळणीचं यंत्र बनायचं, त्यावरून. १९९८ पासून मकडॉग्ज. नावातलं मक म्हणजे दलदलीची काळी माती. ती बघायला आम्ही सकाळी शेजारच्या एल्बाला गेलो. दलदल उपसून काढलेली जमीन, नजर पोचेल तिथवर सपाट आणि काळी कुळकुळीत, तिच्यावर कांद्याच्या सरळ हिरव्या रांगा. बाबांनी रस्त्याकडेला वाकून मूठभर माती उचलली. आपली काळी माती ओली झाली की बोटांना चिकटते. ही चिकटत नाही, कुजलेल्या पाल्यासारखी हलकी, दाबली की स्पंजासारखी दबते आणि सोडली की परत फुगते. कांद्याला ही का मानवते ते बाबांना मला सांगावं लागलं नाही.

संध्याकाळी ड्वायर स्टेडियमवर मकडॉग्जचा सामना होता. कॉलेज लीगचा, म्हणून मी थोड्या बाकड्यांची गर्दी धरून चालले होते. गाडी लावायला दोन गल्ल्या फिरावं लागलं. लहान पोरं फाऊल बॉलच्या मागे कुंपणाबाहेर पळत होती. आमच्या पुढच्या बाकावर एक आजी मांडीवर स्कोअरबुक घेऊन बसलेल्या. लेक तिथं डोकावली तशी त्यांनी तिला शेजारी बसवून घेतलं. प्रत्येक बॅटरसाठी एक चौकोन, त्यात बारीक हिरा, बॅटर जितक्या बेसपर्यंत पोचेल तितक्या बाजू पेन्सिलीनं गडद करायच्या. बॅट फिरवून बाद झाला तर सरळ के, नुसता बघत उभा राहून बाद झाला तर उलटा के. चौथ्या इनिंगपासून पेन्सिल लेकीच्या हातात होती.

मी आजींना विचारलं, पूर्वीचा संघ आठवतो का? त्यांनी मोठ्या संघांची नावं क्रमानं सांगितली, फिलीज, कार्डिनल्स, मार्लिन्स. २००८ च्या विजेतेपदाबद्दल बोलताना आवाज चढला. मग म्हणाल्या, आताची पोरं मात्र जास्त ओळखीची, कारण त्यातली दोन माझ्या भाचीच्या घरी राहतात.

२०२० मध्ये नेमकं काय झालं ते इथंच सांगते. त्या वर्षी कोविडमुळे मायनर लीगचा सगळा हंगामच रद्द झाला. त्याच वर्षी मेजर आणि मायनर लीगमधला जुना करार संपत होता. मेजर लीगनं करारातले संघ १६० वरून १२० वर आणायचं ठरवलं, ड्राफ्ट जूनवरून जुलैत ढकलला आणि ४० फेऱ्यांचा २० फेऱ्यांवर आणला. जूनमध्ये येणारी पोरंच नसतील तर जूनमध्ये सुरू होणारी लीग कशाला? २०१९ च्या शेवटच्या हंगामात चौदा संघ होते. करार टिकला तीनच संघांचा, ब्रुकलिन, हडसन व्हॅली आणि अॅबर्डीन. चार संघ ड्राफ्टची वाट बघणाऱ्या खेळाडूंच्या नव्या लीगमध्ये गेले. बटेव्हिया, ऑबर्नसारखे कॉलेज लीगमध्ये. २०२१ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल आणि स्टेटन आयलंडच्या मैदानांवर संघच नव्हता. ट्राय-सिटी, नॉर्विच आणि स्टेटन आयलंड कोर्टात गेले. पण बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायदा लागू नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९२२ मध्येच म्हणून ठेवलंय. २०२३ मध्ये तडजोडीवर मिटलं.

खर्च वाचवणं आणि मैदानं सुधारणं ही कारणं सांगितली गेली. खेळाडूंचे पगार त्यानंतर वाढले आणि राहायची सोय झाली, हे चांगलंच झालं. पण चाळीस गावं गाळून मोठ्या संघांचे जे पैसे वाचले ते त्यांच्या एखाद्या मधल्या फळीतल्या खेळाडूच्या पगारापुढे किरकोळ होते असं माझं ठाम मत आहे. बटेव्हियानं एक्क्याऐंशी वर्षं दुसऱ्यांची पोरं आपली म्हणून वाढवली. तिला निदान नीट विचारायला हवं होतं.

गुरुवार : जेम्सटाउन

दक्षिणेला उतरत चटॉक्वा तलावाशी आलो. रसेल डीथ्रिक पार्क जुनं पण देखणं. रँडी जॉन्सन, सहा फूट दहा इंचाचा तो पिचर, १९८५ मध्ये जेम्सटाउन एक्स्पोजकडून इथंच खेळला.

या गावाच्या नोंदी माझ्या वहीत दोनदा आहेत. एक्स्पोजचा संघ १९९३ नंतर व्हर्मांटला गेला. जेम्सटाउन तेवढ्यावर बसलं नाही, पुढच्याच वर्षी नायगारा फॉल्सचा संघ इथं आला आणि जॅमर्स झाला. म्हणजे हिसकावून घेतलेल्या गावानं दुसऱ्याचा घेतला. तोही २०१५ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या मॉर्गनटाउनला गेला. आता इथं टार्प स्कंक्स आहेत, कॉलेज लीगचेच. लेकीनं त्यांची टोपी घेतली. पावसामुळे सामना होऊ शकला नाही, ताडपत्री ओढणाऱ्या पोरांना मदत करायला नवरा उतरला आणि भिजून आला.

शुक्रवार : एल्मायरा

दिवसाचा बराचसा वेळ हायवेवर गेला. डन फील्ड शेमंग नदीच्या काठावर आहे. पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेलेल्या वेड बॉग्जनं १९७६ मध्ये व्यावसायिक बेसबॉलची सुरुवात इथून केली. पायोनियर्स हे नाव या गावात पिढ्यान्‌पिढ्या चाललं, लीग बदलल्या तरी. १९९५ च्या हंगामानंतर फ्रँचायझी लोवेलला गेली, आणि २०२० मध्ये लोवेलचीही संपली. मार्क ट्वेनची समाधी याच गावात आहे, तिथं दहा मिनिटं थांबून पुढे निघालो.

शनिवार : कोनी आयलंड

ब्रुकलिनच्या टोकाला समुद्र, लाकडी फळ्यांचा रस्ता, १९२७ चा सायक्लोन रोलर कोस्टर आणि उजव्या बाजूच्या कुंपणाबाहेर पॅराशूट जंपचा उंच लोखंडी मनोरा. ब्रुकलिन सायक्लोन्सचं मैदान २००१ चं. त्या आठवड्यातलं सगळ्यात मोठं, सगळ्यात गजबजलेलं.

१९५७ च्या हंगामानंतर डॉजर्स ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिसला गेले. इतकी मोठी वस्ती, इतकं वेड, तरी मालक संघ उचलून घेऊन गेला. त्यानंतर ४३ वर्षं ब्रुकलिनमध्ये व्यावसायिक बेसबॉल नव्हतं. मग मेट्सनी एक संघ विकत घेतला, तो २००० मध्ये क्वीन्सला खेळवला आणि २००१ मध्ये इथं आणला. तो संघ ऑन्टारिओमधल्या सेंट कॅथरिन्सचा. जिथून संघ गेला त्याच शहराला दुसऱ्या कुणाच्या तरी गावचा संघ मिळाला. सायक्लोन्सनी २०१९ ची, म्हणजे लीगची शेवटची स्पर्धा जिंकली, आणि आज ते वरच्या हाय-ए पातळीवर आहेत.

सातव्या इनिंगच्या मधोमध सगळे उभे राहून गायले. बाबाही उभे राहिले. बसताना म्हणाले, "सेंट कॅथरिन्स नायगाराच्या पलीकडे ना? माझा कॅनडाचा व्हिसा निघतो का बघ." वहीत त्या मैदानाचा पत्ता आहे. अर्ज घरी पोचल्यावर त्याच रात्री भरला.

कुणाला या बाजूला जायचं असेल तर जून आणि जुलैमध्ये जा, कॉलेज लीगचे सामने ऑगस्टच्या पहिल्या काही दिवसांत आटोपतात. तिकीट फाटकावर मिळतं. बटेव्हियाला मात्र थोडं लवकर पोचा आणि सकाळी एल्बाचा फेरा चुकवू नका.